वाचकांचे प्रश्न : लायसन, बंदूक आणि घरातली माणसं

मागच्या अंकात मी निवडणुकीच्या वेळी बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावरून एवढी पत्रं नि मेसेज आले की बघतच राहिलो. महसूल खात्यात नोकरी झाली, त्यातली अकरा वर्षं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत म्हणजे शस्त्र परवान्याच्या टेबलावरच बसलो होतो, त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की मला थोडक्यात बोलता येत नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा प्रश्न घेतलेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : काका, बीड जिल्ह्यात माझं खडी क्रशर आहे, दोन हायवा आहेत. वर्षभर फोनवर धमक्या येतायत, पैसे मागतात. लायसनचा अर्ज टाकला तर नामंजूर. आणि गावात ज्याला कुत्रं भुंकत नाही त्याच्या कमरेला पिस्तूल, स्टेटसला फोटो. अमेरिकेत हा हक्क आहे ना, मग आपल्याच देशात जीव वाचवायला साहेबांची परवानगी का मागायची?

दादा, तुमचा राग अगदी खरा आहे आणि तुमच्या जिल्ह्यात तर तो जास्तच खरा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, त्या खुनात बंदूक नव्हती, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या लायसनची मोजदाद सुरू झाली तेव्हा बाराशेच्या वर परवाने निघाले. लग्नात हवेत बार काढतानाचे, बंदुका नाचवतानाचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने बघितले. मग प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. मी ते टीव्हीवर बघत होतो आणि मनात एकच येत होतं, या प्रत्येक परवान्यामागे कुठल्यातरी टेबलावर एक फाइल हलली असणार, कोणाची तरी शिफारस आली असणार, कोणीतरी "जिवाला धोका" असं लिहिलेलं वाचून पान उलटलं असणार. तुम्हाला नाही मिळालं म्हणून तुम्ही चिडलात. मी चिडतो ते त्यांना मिळालं म्हणून.

हक्काचं विचारलंत तर सांगतो. इंग्रजांनी १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आणला, त्यात हिंदी माणसाला लायसन लागायचं आणि गोऱ्याला सूट होती, म्हणून आपल्या पुढाऱ्यांचा त्या कायद्यावर दात होता आणि तो बरोबरच होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, अर्थात नियमांच्या चौकटीत राहून. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी तोच ठराव पुढे करून हा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, कारण असा हक्क सरसकट दिला तर तो दरोडेखोरालाही मिळतो आणि सरकारला हात घालता येत नाही, आणि ती दुरुस्ती पडली. म्हणजे हा विषय कोणी विसरलं वगैरे नाही, चर्चा करून सोडून दिला. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहेच, आधी दंड संहितेत होता आता न्याय संहितेत आहे, पण त्यासाठी बंदूक मिळण्याचा हक्क नाही, ती मिळते १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आणि गरज दाखवल्यावर. माझ्या मते हेच बरोबर आहे.

आता कामाचं. धमक्या आल्या त्याची तक्रार दिलीत का? पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं "धोका आहे" म्हणून चालत नाही हो, खंडणीचा गुन्हा नोंदवा, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा, पोलिस अधीक्षकांना लेखी द्या. अर्जावर पोलिसांचा अहवाल येतो तो याच कागदांवर बनतो. शिवाय २०१६ च्या नियमांनुसार डॉक्टरचं प्रमाणपत्र, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण आणि घरी ते सुरक्षित कसं ठेवणार याचं हमीपत्र लागतं. नामंजुरीची कारणं लेखी मागा, विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आणि मनापासून सांगतो, खंडणीवाला समोरून येऊन द्वंद्वयुद्ध करत नाही, तो मागून येतो, रात्री येतो, चार जण येतात. तुमच्या कमरेचं पिस्तूल त्याला हवंच असतं. क्रशरवर कॅमेरे, रात्रीचा वॉचमन, रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने न जाणं आणि तो गुन्हा नोंदवणं, एवढं आधी करा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी तीन वर्षांपूर्वी लायसनचं रिव्हॉल्वर घेतलं, धंद्यात उधारी वसुलीची भीती होती म्हणून. आता धंदाच बसलाय. रात्र रात्र जागे असतात, जेवत नाहीत, मुलांवर ओरडतात नि मग रडतात. रिव्हॉल्वर कपाटात कपड्यांखाली असतं, भरलेलं. मी काही बोलले तर म्हणतात तुला काय कळतं. मला फार भीती वाटते. ही भीती वेडेपणाची आहे का? नाव छापू नये.

ताई, वेडेपणाची नाही. तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि संपादकांना लगेच फोन करून सांगितलं की या ताईंना अंकाची वाट बघायला लावू नका, उत्तर आधी कळवा. ते कळवलंय. इथे छापतोय ते अशा इतर घरांसाठी.

आधी काय करायचं ते. रिव्हॉल्वरला तुम्ही स्वतः हात लावू नका, भरलेलं आहे, आणि लायसन त्यांच्या नावावर आहे त्यामुळे तुम्ही ते उचलून नेणं कायद्यातही बसत नाही. त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एक माणूस गाठा, मोठा भाऊ, जुना मित्र, कोणीही, त्याने त्यांना सोबत घेऊन जाऊन हत्यार लायसनधारी दुकानदाराकडे नाहीतर पोलिस ठाण्यात जमा करावं, पावती मिळते, लायसन जात नाही, बरं वाटल्यावर परत घेता येतं. असं सांगितलं की माणूस कधीकधी तयार होतो, कारण त्यात अपमान नाही. नाहीच ऐकलं तर लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना किंवा शहरात असाल तर पोलिस आयुक्तांना, तुम्ही बायको म्हणून लेखी कळवू शकता, माणसाची मनःस्थिती ठीक नसेल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली लायसन निलंबित करता येतं. आणि आज रात्रीच काही वेडंवाकडं वाटलं तर ११२. मनाच्या डॉक्टरकडे त्यांना न्यायलाच हवं, तोपर्यंत १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतून बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही फोन करा, तुम्ही पण किती दिवस एकट्या ओढताय.

मला एवढं का लागलं ते सांगतो. मी टेबलावर असताना एक बाई आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, त्यात नवऱ्याच्या लायसनची पुस्तिका. हत्यार पोलिसांनी आधीच जप्त केलेलं होतं कारण नवऱ्याने त्याच हत्याराने स्वतःला संपवलं होतं, पस्तिशीचा माणूस, कर्ज झालं होतं. पुस्तिका जमा करायला आल्या होत्या. मी रजिस्टर उघडलं, नोंद करायला लागलो, तर त्या हळूच म्हणाल्या, साहेब त्यातला फोटो तेवढा काढून देता का, हा त्यांचा चांगला आलाय. पहिल्या पानावर चिकटवलेला, त्यावर अर्धा शिक्का. वरच्या साहेबांना विचारलं, त्यांनी मान हलवली, मग मी ओल्या बोळ्याने कड भिजवून भिजवून तो फोटो सोडवला, पाच-सात मिनिटं लागली असतील, बाई समोर उभ्या. आणि त्याच पानावर खाली, लायसन कशासाठी या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आत्मसंरक्षण. ती फाइल मीच सादर केली होती, सगळे कागद बरोबर होते. तेव्हापासून हा विषय मला नुसता कायद्याचा वाटत नाही.

बंदूक घेताना माणूस चोराचा विचार करतो, स्वतःचा करत नाही. कॅलिफोर्नियात अडीच कोटींवर लोकांच्या नोंदी बारा वर्षं तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्या पुरुषांकडे स्वतःची हँडगन होती त्यांच्यात बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण हँडगन नसलेल्या पुरुषांच्या आठ पट निघालं, बायकांमध्ये पस्तीस पट. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त म्हणजे सव्वीस हजारांवर आत्महत्या होत्या. बंदूक आली म्हणून माणूस उदास होतो असं नाही. तो झटका येतो आणि जातो, बऱ्याचदा तासाभरात जातो, पण हाताशी काय आहे त्यावर माणूस त्या तासातून बाहेर येतो की नाही ते ठरतं. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात घरात ठेवलेल्या फवारणीच्या औषधाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि श्रीलंकेत जहाल औषधांवर बंदी आली तशा आत्महत्या खूप कमी झाल्या. औषध घेतलेल्या माणसाला निदान दवाखान्यात न्यायला वेळ मिळतो. बंदूक तेवढाही वेळ देत नाही.

आणि अपघाताचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा पहाटे घरातून निघताना लायसनचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होते, ते हातातून निसटलं, गोळी सुटली नि पायात घुसली. घरात मुलं आहेत तुमच्या. म्हणून भरलेलं हत्यार कपड्यांखाली ठेवणं हे कोणाच्याच बाबतीत बरोबर नाही, मन चांगलं असो नसो. हत्यार रिकामं, कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना न सापडेल अशी.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे, मामांकडे लायसनची बारा बोअर आहे. वरातीत हवेत दोन बार काढले तर चालतं ना? सगळीकडे काढतात.

नाही चालत. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला वेगळी शिक्षाच आहे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि मामांचं लायसन जाईल ते वेगळंच. आणि वर गेलेला छर्रा खाली येतो, गच्चीवर वरात बघायला आलेल्या पोरांच्या अंगावर येतो. बँड लावा, चांगला मोठा लावा.

प्रश्न : आमचं घर कणकवली तालुक्यात. आजोबांची ठासणीची बंदूक, नंतर वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाचं लायसन होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. बंदूक माळ्यावर गोणपाटात तशीच आहे. रानडुकरं भात लोळवतात, वानरं तर नारळावर काही ठेवत नाहीत. बंदूक माझ्या नावावर कशी होईल आणि तोवर वापरली तर काय?

बाबा रे, तोवर वापरायची तर नाहीच, पण ती माळ्यावर आहे हाच गुन्हा आहे, तुला माहीतच नाही. परवानाधारक गेला की लायसन तिथेच संपतं, ते वारसाला आपोआप येत नाही, आणि ठासणीची असली, गंजलेली असली, आजोबांची असली तरी कायद्याने ते अग्निशस्त्रच. विनापरवाना सापडलं तर दोन ते पाच वर्षं. म्हणून हे वाचलंस की वकिलाला नाहीतर पोलिस पाटलाला सोबत घे आणि ठाण्यात जमा कर, पावती घे, उशीर का झाला ते खरं खरं लिही. स्वतःहून आलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांत पोलिसही फरक करतात, मी कितीतरी वेळा बघितलंय. मग वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आई नि भावंडांचं ना-हरकत, सातबारा, असं घेऊन तुझ्या नावाने अर्ज कर. शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात अजून आहे, अर्ज खोटा नाही तुझा. वडील हयात असतानाच केलं असतंस तर सोपं होतं, परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं बाळगून झालं की वारसाच्या नावे करून देता येतं. ज्यांच्या घरी म्हातारे वडील नि जुनी बंदूक दोन्ही आहेत त्यांनी हे याच आठवड्यात बघा.

दुसरं म्हणजे बंदुकीचं लायसन हे शिकारीचं लायसन नव्हे. रानडुकराला मारायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते, नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागता येते, ती किती नि कधी मिळते यावर तू माझ्याशी भांडशील आणि ते भांडण मी हरेन. शेतकऱ्याच्या बाजूने सरकार इथे कमी पडतं हे मी नोकरीत असतानाही म्हणायचो. पण एक बघ, कोकणात दरवर्षी पावसाळा संपता संपता बातमी येते, रात्री रानात गेले होते, झुडपात हललं, डुक्कर समजून बार काढला आणि आपलाच माणूस गेला. बॅटरीच्या उजेडात चार पावलांवरचं दिसत नाही. लायसन मिळालं तरी रात्री टोळी करून जाऊ नकोस, एवढं माझं ऐक.

प्रश्न : तुम्ही लोक सभ्य माणसाच्याच मागे लागता. चाळीसगावात हवा तेव्हा गावठी कट्टा मिळतो. गुंडाला लायसन लागत नाही. मग कायदा कडक करून फायदा कोणाला?

तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. जगभरातल्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज आहे की भारतात सामान्य लोकांकडे सात कोटींच्या आसपास बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंद असलेल्या एक कोटीही नाहीत. बंदुकीने होणारे बहुतेक खून बेकायदा हत्यारांनीच होतात. आणि तुमच्या जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टी गाव आहे, तिथल्या कट्टे बनवणाऱ्या भट्ट्यांचं नाव पुण्या-मुंबईच्या पोलिसांच्या तोंडात कायम असतं. पण कट्टा भट्टीत बनतो, काडतूस भट्टीत बनत नाही. ते कारखान्यातलं असतं, आणि कारखान्यातून गुंडापर्यंत येताना ते कुठल्यातरी लायसनवाल्याच्या किंवा लायसन असलेल्या दुकानदाराच्या हातून निसटलेलं असतं. सभ्य माणसाच्या काडतुसांचा हिशोब आम्ही मागायचो तो याच्यासाठी, आणि लोक टेबलासमोर उभं राहून म्हणायचे, आम्ही काय चोर आहोत का.

दुसरं असं की सभ्य माणूस रोज सभ्य नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलिस ठाण्यात, इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या आणि अटक कोणाला झाली तर एका आमदाराला. त्याच आठवड्यात दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाला गोळ्या घातल्या, मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं, आणि ते पिस्तूल त्याच्या बॉडीगार्डच्या लायसनवरचं होतं असं तपासात पुढे आलं. कट्टा कुठेच नव्हता. भट्ट्या बंद करायलाच हव्यात, २०१९ पासून बेकायदा हत्यार बनवण्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती पोलिसांनी वापरावी म्हणून तुम्ही आंदोलन करा, मी सोबत येतो. पण गुंडाकडे आहे म्हणून सगळ्यांना द्या, हे मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : मी सांगलीची. मुलगा-सून डॅलसला असतात, मी सहा महिन्यांसाठी चाललेय. नातू सात वर्षांचा. शेजारच्या मित्राकडे खेळायला जातो, त्यांच्याकडे म्हणे चार-पाच बंदुका आहेत. आता मुलगा पण घेऊ म्हणतोय, ग्रीन कार्ड आलं म्हणून. मी काय बोलू? मला कोण विचारतंय?

काकू, तुम्ही बोलायचं. विचारलं नाही तरी बोलायचं.

तिथली गोष्ट वेगळी आहे हे आधी समजून घ्या, म्हणजे मुलाशी भांडण होणार नाही. त्यांच्या घटनेतच १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती आहे आणि २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा प्रत्येकाचा वैयक्तिक हक्क आहे. माणसं तेहेतीस कोटी नि बंदुका एकोणचाळीस कोटी, असा तो देश. टेक्सासात तर सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही कमरेला पिस्तूल लावून फिरता येतं. नोकरीच्या एच-वन व्हिसावर असताना साधारणपणे बंदूक घेता येत नाही, ग्रीन कार्डवर येते, म्हणून तुमच्या मुलाच्या डोक्यात आत्ता आलं. आजूबाजूला सगळ्यांकडे आहे, आपल्याकडे नाही, असं वाटत असणार त्याला, मी त्याला दोष देत नाही.

पण त्याला युव्हाल्डीची आठवण द्या, त्याच्याच राज्यातलं गाव. २४ मे २०२२, शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा, रायफली दुकानातून कायदेशीर विकत घेतलेल्या, वाढदिवस झाल्यावर लगेच. आणि तिथे ३७६ पोलिस जमले होते, सगळ्यांकडे बंदुका, आणि त्याला गाठायला ७७ मिनिटं लागली. माझ्याकडे बंदूक असली की मी घरच्यांना वाचवेन असं ज्याला वाटतं त्याने त्या ७७ मिनिटांचा विचार करावा. तिथे २०२० पासून मुलं नि टीनएजर जातात त्याचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाड्यांचे अपघात मागे पडले. त्यातली काही मुलं घरातल्याच, कुलूप नसलेल्या बंदुकीशी खेळताना जातात.

शेजारच्या घराचं सोपं आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते की मूल दुसऱ्याकडे खेळायला पाठवण्याआधी सरळ विचारा, तुमच्या घरी कुलपात नसलेली बंदूक आहे का. जसं आपण विचारतो ना, कुत्रा बांधलेला आहे का, गच्चीला कठडा आहे का, तसंच. टेक्सासातही निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर ती ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो, त्यामुळे शेजाऱ्यालाही त्यात वावगं वाटायचं कारण नाही. सुनेला सांगा फोन करायला. तिला संकोच वाटला तर मुलगा त्यांच्याकडे बियर प्यायला जातो ना, त्याने विचारावं. उत्तर नीट आलं नाही तर मित्रालाच आपल्या घरी खेळायला बोलवा, तुम्ही आहातच, दोघांना थालीपीठ करून घाला.